निवडून आलात? आता जरा ऐकायला शिका

मी गेली तेरा-चौदा वर्षं नेत्यांच्या मागे फिरतोय, आधी बॅनर बांधले, खुर्च्या उचलल्या, आता एका भाऊंचं ऑफिस सांभाळतो. त्यामुळे हे जे लिहितोय ते पुस्तकातलं नाहीये. नवीन नगरसेवक, सरपंच, झेडपी मेंबर यांच्यासाठी आहे, जुन्यांनी वाचलं तरी हरकत नाही पण ते वाचणार नाहीत. विषय आहे एम्पथीचा, म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहून बघण्याचा. त्याला मराठीत समानुभूती असा शब्द आहे म्हणे, आमच्याकडे तो कोणाच्या तोंडी नसतो. आमच्याकडे लोक म्हणतात "त्याला कळतं आपलं" नाहीतर "त्याला काय कळणार आपलं". निम्मी निवडणूक या दोन वाक्यांवर होते.

आणि यात साधुसंत व्हायचं काही नाही, स्वार्थाचंच काम आहे हे. तुमच्यापर्यंत येणारी प्रत्येक गोष्ट चार जणांनी गाळून आलेली असते. मी स्वतः गाळतो! भाऊ वैतागतील म्हणून निम्म्या तक्रारी मी सांगतच नाही, आणि पाच वर्षांनी मतपेटीतून त्या सगळ्या एकदम बाहेर पडतात.

तर पहिलं म्हणजे प्रश्न नीट विचारा. मागे आम्ही एका गल्लीत फिरत होतो, एक मावशी दारात धुणं वाळत घालत होत्या. भाऊंनी विचारलं, "काय मावशी, पाणी येतं ना?" त्या म्हणाल्या, "येतं की." भाऊ खुश, फोटो झाला, पुढे निघाले. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी मागे राहिलो आणि उगाच बोलायचं म्हणून विचारलं, मावशी किती वाजता येतं? "रात्री दीडला. अर्धा तास." तीन वर्षं ती बाई दीडचा अलार्म लावून उठत होती, सुनेला पहाटे कंपनीची बस असते म्हणून तिला झोपू द्यायची, आणि एकटी दोन ड्रम आणि सगळ्या कळश्या भरायची. पाणी "येतं" हे खरंच होतं, खोटं कोणीच बोललं नव्हतं. तेव्हापासून मी भाऊंना सांगून ठेवलंय, हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारायचाच नाही. कधी येतं, किती वेळ येतं, कोण भरतं, त्यासाठी कोणाची झोप मोडते असं विचारायचं. आणि विचारल्यावर गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड, कारण नेत्याला शांतता सहन होत नाही, लगेच "करून टाकू" म्हणतो.

दुसरं, कोणाला विचारताय ते बघा. पारावर बसलेल्या बाप्यांना पाण्याचं विचारून काय उपयोग, त्यांना ग्लासातलं पाणी माहिती. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा आपल्याकडे कायदाच आहे, पण कित्येक गावांत रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, झाली सभा. ती खरी भरवा. सकाळी अकराला ठेवलीत तर रानात गेलेली एकही बाई येणार नाही हे लक्षात घ्या. सरपंच ताई असतील तर त्यांच्या मिस्टरांना त्या दिवशी तालुक्याला पाठवा काहीतरी कामाने, ते दारात जरी उभे राहिले ना तरी आतल्या बायका गप्प होतात.

आता दुखवट्याचं. लग्नाला नाही आलात तरी चालेल, मयतीला या, असं लोक म्हणतात आणि लक्षातही ठेवतात. पहिल्या दिवशी जा, पाच मिनिटं बसा, खुर्ची आणून देतील ती घेऊ नका, सतरंजीवरच बसा. "कसं झालं?" विचारू नका, त्यांनी ते सकाळपासून पन्नास वेळा सांगितलेलं असतं. फोटोग्राफर गाडीत ठेवा, मोबाईलवालेपण. पण खरी भेट तेराव्यानंतरची. पाहुणे गेलेले असतात, घर रिकामं असतं आणि कागद सुरू झालेले असतात.

शेतकऱ्याने आत्महत्या केली तर सरकारी मदत १ लाख रुपये, ती पण केस "पात्र" ठरली तर. जमीन त्याच्या किंवा घरच्यांच्या नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा लायसन असलेल्या सावकाराचं पाहिजे, ते थकलेलं पाहिजे. आता तुम्ही त्या बाईच्या जागी उभे राहून बघा. नवऱ्याने उधारी केली ती खतवाल्या दुकानदाराकडे आणि गावातल्या एकाकडून पाच टक्क्याने, त्याचा कागद कुठे असतो? सातबारा अजून सासऱ्याच्या बापाच्या नावावर. मग शेरा पडतो "अपात्र". म्हणजे तुमचा माणूस कर्जापायी गेला, पण कर्ज बरोबर ठिकाणचं नव्हतं. अशा घरी जाऊन "काही लागलं तर सांगा वहिनी" म्हणण्याला काडीचा अर्थ नाही, ती काय सांगणार, तिला कुठला कागद लागतो तेच माहिती नसतं. त्याऐवजी म्हणा, "मंगळवारी साडेदहाला गाडी पाठवतो, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देऊन येऊ." आणि मंगळवारी गाडी पाठवा! नाही पाठवली तर न गेलेलं बरं होतं.

जिभेवर ताबा हे वेगळं सांगायला नको. आर. आर. आबा पाटलांसारखा माणूस घ्या, गरिबीतून आलेला, ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेणारा, त्याला माणसं कळत नव्हती असं विरोधकपण म्हणणार नाहीत. पण २६/११ नंतर मोठ्या शहरांत असं छोटंमोठं होत असतं अशा अर्थाचं एक हिंदी वाक्य तोंडून गेलं आणि डिसेंबर २००८ मध्ये गृहमंत्रीपद गेलं. पुढच्या वर्षी ते परत गृहमंत्री झाले हेही खरं. मला वाटतं आकडा आणि तुलना, या दोन गोष्टी दुःखाच्या वेळी बोलूच नयेत. "त्या मानाने कमी नुकसान आहे" हे वाक्य बांधावर उभं राहून तर कधीच नाही.

आणि धावून जाणं म्हणजेच सगळं, असं समजू नका. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी तिथे पोचले, त्याचं कौतुक अजून होतं आणि व्हायलाच पाहिजे. नंतर ५२ गावं उठवून नवीन वसवली, घरं जमिनीच्या हिशोबाने दिली, कमी जमीनवाल्याला लहान, जास्त जमीनवाल्याला मोठं. पक्की घरं, रुंद रस्ते, सरळ रांगा, शहरातल्या कॉलनीसारखं. पण गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, जुन्या गल्लीतला शेजार कुठे गेला, हे प्रश्न बऱ्याच ठिकाणी लोक राहायला गेल्यावर निघाले. कळवळा असूनही विचारायचं राहून जातं ते असं. म्हणून घरकुल असो की साधं शौचालय, नकाशा पास व्हायच्या आधी तिथे राहणाऱ्या म्हातारीला दाखवा, चुन्याने जमिनीवर आखून दाखवा, कागदावर तिला काय कळणार.

त्या दीडच्या पाण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी भाऊंना म्हटलं, एकदा दीडला जाऊन या. दोन दिवस टाळलं, मग आले, स्वेटर घालून. वॉलमन सायकलवर आला, त्याला बघून भाऊ चाट, तो एकटा चार वॉर्डांचे वॉल फिरवतो, टाकी भरते तशी लाईन सोडतो, त्याचीपण झोप नाहीच. महिनाभर इंजिनियरच्या मागे लागून पाळ्या फिरत्या केल्या, आता त्या गल्लीला एक आठवडा संध्याकाळी सहाला पाणी येतं, एक आठवडा रात्री. मावशी खुश आहेत. पलीकडच्या गल्लीतले लोक काल ऑफिसात येऊन बसले होते, त्यांची सहाची पाळी गेली म्हणून, भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "रात्री कोण उठतं तुमच्याकडे?"