दुसरा डीएनएस टाकला म्हणजे फेलओव्हर झाला असं नाही: ऑफिस नेटवर्कमध्ये या चुका टाळा

‘नेट बंद आहे’ अशी तक्रार आली की राउटर रीस्टार्ट करण्याआधी गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करून, म्हणजे तिथून उत्तर येतंय का ते बघा. पिंग जातोय, पण शेअर्ड फोल्डर उघडत नाही, प्रिंट जात नाही, लॉगिनला पाच मिनिटं लागतात? म्हणजे लाइन ठीक आहे. नावावरून आयपी पत्ता काढून देणारा डीएनएस सर्व्हर गप्प बसलाय. बऱ्याच ऑफिसांत हे काम विंडोजचा डोमेन कंट्रोलरच (सगळ्यांची लॉगिन तपासणारा सर्व्हर) करतो, त्यामुळे तो पडला की सगळं एकदमच अडकतं.

सर्रास दिसणारी चूक अशी: पीसीच्या डीएनएस सेटिंगमध्ये प्रिफर्डच्या (पहिल्या) रकान्यात ऑफिसचा सर्व्हर आणि आल्टरनेटच्या (दुसऱ्या) रकान्यात गूगलचा डीएनएस सर्व्हर ८.८.८.८. ‘हा पडला तर तो आहेच’ असा फेलओव्हरचा हिशेब. पण विंडोज दुसऱ्या सर्व्हरकडे वळतं ते पहिल्याकडून उत्तरच आलं नाही तर. ‘असं नाव नाही’ हेसुद्धा त्याच्या लेखी उत्तरच असतं. समजा, अपडेटसाठी तुमचा सर्व्हर दोन मिनिटं रीस्टार्टला गेला आणि तेवढ्यात पीसीनं गूगलला विचारलं. तुमच्या आतल्या फाइल सर्व्हरचं नाव गूगलला कुठून माहीत असणार? तो ‘नाही’ म्हणतो आणि पीसी तिथेच थांबतो. सर्व्हर परत उभा राहिला तरी काही पीसी थोडा वेळ गूगललाच धरून बसतात. मग एका टेबलावर काम चालू, शेजारच्या टेबलावर बंद, आणि कारण कुणालाच सापडत नाही.

त्यामुळे पीसीवर दोन्ही जागी ऑफिसमधलेच सर्व्हर हवेत, आणि दोघांनाही आतली सगळी नावं माहीत हवीत. गूगल किंवा क्लाउडफ्लेअरचे पत्ते सर्व्हरच्या फॉरवर्डर्समध्ये (बाहेरची नावं सर्व्हरनं कुणाला विचारायची, ती यादी) टाकायचे. दुसऱ्या विंडोज सर्व्हरचं लायसन्स परवडत नसेल तर एखाद्या लिनक्स मशीनवर बाइंड हा डीएनएस प्रोग्राम टाकून सेकंडरी झोन, म्हणजे आतल्या नावांच्या यादीची प्रत, ठेवता येतो. त्यानं डोमेन लॉगिन होणार नाही, पण नावं मिळत राहतील. आतला सर्व्हर एकच असेल तर एकच पत्ता टाका. दुसरा रकाना रिकामा दिसतो म्हणून भरू नका.

दोन सर्व्हर घेतले, पण दोन्ही व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) एकाच होस्टवर, म्हणजे एकाच खऱ्या मशीनवर, आणि तो होस्ट एकाच यूपीएसवर, हेही नेहमीचंच. दोन्ही एकाच वेळी पडणार. मोठ्यांचंही असं होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं आतलं नेटवर्क तुटलं, तेव्हा डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यामुळे त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी इंटरनेटवरचे आपले मार्गच मागे घेतले. सर्व्हर चालू होते, पण तिथे कुणी पोहोचू शकत नव्हतं. जवळपास सहा तास सगळं ठप्प.

लिनक्स मशीन असतील तर तक्रार ‘बंद’ अशी न येता ‘स्लो’ अशी येते. पहिला सर्व्हर मेला असेल तर रिझॉल्व्हर (नावं विचारणारा लिनक्सचा भाग) मुळात ५ सेकंद वाट बघतो आणि मगच पुढच्याकडे जातो, तेही दर वेळी नव्यानं. टाइमआउट १ सेकंदावर आणा. यादीतले पहिले तीनच सर्व्हर वाचले जातात, चौथा लिहिणं फुकट.

डीएचसीपीत (पीसींना आपोआप आयपी आणि डीएनएसचे पत्ते वाटणारी सेवा) डीएनएसचा पत्ता बदलून लगेच घरी जाऊ नका. विंडोजच्या डीएचसीपीत लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, मुळात ८ दिवसांची असते आणि ती अर्धी संपल्यावर पीसी नव्यानं विचारायला येतो. तोवर जुनाच पत्ता. प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना कुणीतरी कधीतरी हातानं आयपी दिलेला असतो. ते तर विचारायला येणारच नाहीत. त्यांची वेगळी यादी करा.

तपासताना एनएसलुकअप या नाव विचारून बघणाऱ्या कमांडवर डोळे मिटून विश्वास नको. ते नुसतं चालवलं तर पहिल्याच सर्व्हरला विचारतं. दुसऱ्याची परीक्षा घ्यायची तर कमांडमध्ये त्याचा पत्ता द्यावा लागतो. शिवाय ते पीसीची कॅश (आधी मिळालेली उत्तरं) आणि होस्ट्स फाइल (हातानं लिहिलेल्या नाव-पत्त्यांची यादी) बघत नाही, पिंग मात्र दोन्ही बघतो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर आधी कॅश फ्लश करा, मग होस्ट्स फाइल उघडा. मागच्या बिघाडात ‘तात्पुरती’ टाकलेली ओळ बहुधा तिथेच सापडते.

आणि फेलओव्हरची चाचणी शनिवारी ऑफिस रिकामं असताना कराच. पण नुसती डीएनएस सर्व्हिस थांबवून नको. मशीन चालू असलं की ‘इथे कुणी नाही’ असा नकार अनेकदा लगेच मिळतो आणि पीसी पटकन दुसरीकडे वळतो. खरा बिघाड शांत असतो, म्हणून सर्व्हरची केबलच काढा. मग त्या पीसीवर आधी कधीच लॉगिन न केलेल्या युजरनं लॉगिन करून बघा. नेहमीच्या युजरचं लॉगिन विंडोज कॅशमधून करून टाकतं आणि चाचणी खोटीच पास होते.