चोवीसने भागलेली गाडी: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत मॉडेल बांधताना

प्लास्टिकच्या किटमधून बांधायच्या या मॉडेल गाडीचं प्रमाण १/२४, म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ मिलिमीटर मॉडेलवर एक मिलिमीटर. हा हिशोब सगळ्यांना पाठ असतो, पण ब्रश हातात आला की विसरला जातो. खऱ्या गाडीचं दार आणि पत्रा यांच्यातली फट ४ मिमी धरली, तर मॉडेलवर ती जेमतेम ०.१७ मिमी भरते. रंगाचे थर मिळून ०.१ मिमी झाले, तर खऱ्या गाडीवर ते जवळपास अडीच मिमीचं लिंपण होईल. बोनेटवर बसलेला अर्ध्या मिमीचा धुळीचा कण म्हणजे १२ मिमीचा खडा. त्यामुळे गाडीवर जे काही चढवाल ते आधी मनात चोवीसने गुणून बघा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

सुरुवात साबणाने. किटचे सगळे भाग, ज्या प्लास्टिकच्या सांगाड्याला जोडून येतात त्यासकट, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ टूथब्रशने धुवा आणि पंख्याखाली वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट पदार्थ राहिला की रंग ठिपक्याठिपक्यांनी फाटतो. भाग पकडीने सांगाड्यापासून किंचित लांब कापा, उरलेला बुडखा कटरने पातळ काप घेत उतरवा आणि ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करा. एका झटक्यात कापलं तर प्लास्टिकचा लचका निघतो, मग पुट्टी आली.

बॉडीवरून साच्याची जोडरेघ जाते, बहुधा मडगार्डच्या माथ्यावरून. ती खऱ्या गाडीवर नसते, म्हणून ८०० आणि मग १००० च्या पेपरने घालवा. दारांच्या, बोनेटच्या, डिकीच्या फटी रंगाआधीच कटरच्या पात्याच्या उलट्या बाजूने दोन-तीनदा हलक्या हाताने खोल करून ठेवा. प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून त्या फटी बुजवतात, आणि रंगानंतर कोरायला गेलात तर कडा उडते.

डॅशबोर्ड निवडताना घाई नको. बऱ्याच जपानी किटमध्ये उजव्या आणि डाव्या दोन्ही हातांचे डॅशबोर्ड मिळतात. गाडी घोडबंदर रोडवर उभी करायची असेल तर उजवा लावा, आणि वायपरही त्याच बाजूला वळवा. वायपर हमखास राहून जातो.

आता रंग. इथे ठाणे-नवी मुंबईची हवा आपला हात धरते, म्हणून जरा थांबून समजून घ्यायला हवं. बॉडीला आपण लेकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारा आणि चटकन वाळणारा रंग मारतो. त्याचं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते त्या थंड, ओल्या रंगात उतरतं आणि चकचकीत काळा रंग वाळल्यावर दुधाळ दिसतो. बाजारात मिळणारं छोटं आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. काटा ७० टक्क्यांच्या वर असेल तर ग्लॉस लेकर मारू नका. पावसाळ्यात इंजिन, चॅसिस, सीट, डॅशबोर्ड ही अ‍ॅक्रिलिकची ब्रशकामं आणि घासकाम उरकून घ्या. बॉडीचा रंग दिवाळीचे फटाके विझल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी करा. यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. नीट आखलेलं वर्ष असेल तर वर्षाला दोन चांगल्या बॉडी आरामात होतात.

पावसाळ्यात थांबणं जमतच नसेल तर एक सापळा ओळखून ठेवा. एसीच्या खोलीत हवा कोरडी असते म्हणून बॉडी तिथे ठेवायची आणि रंगायला बाल्कनीत न्यायची, हे सुचतंच. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं ते, २५ अंशांच्या आसपास असतो. २३ अंशांच्या खोलीतून निघालेल्या बॉडीवर बाहेर येताच न दिसणारं दव धरतं, आणि रंग त्या पाण्यावर बसतो. थंड बाटली फ्रिजमधून काढल्यावर घामेजते तसंच. म्हणून बॉडी आणि रंग दोन्ही बाहेरच्या हवेत किमान अर्धा तास ठेवून मग फवारा, थिनरमध्ये सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर वापरा, आणि रंग मारून झाला की बॉडी रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह मोठ्या डब्यात, झाकण थोडं किलकिलं ठेवून, ठेवा. दुधाळपणा आलाच तर घासू नका. निव्वळ लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारला की वरचा थर पुन्हा विरघळून बाष्प निसटतं.

एअरब्रशला (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनला) ०.३ मिमीची सुई, १५ ते १८ पीएसआय दाब, बॉडीपासून ८ ते १० सेंटिमीटर अंतर. लेकर एक भाग, थिनर दीड ते दोन भाग, म्हणजे साधारण पातळ दुधासारखं. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. इथे तासाभराच्या कामात त्यात पाणी साचलेलं दिसतं, आणि ते सोडलं नाही तर थेंब थेट छपरावर पडतो. आधी राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात, ओरखडे दिसले तर १००० च्या पेपरने ओलं घासून पुन्हा एक हात. मग रंगाचे दोन धुक्यासारखे हात आणि दोन ओलसर हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. एका हातात झाकायचा मोह झाला की रंग मडगार्डखाली ओघळतो. प्रायमर टाळून कडक लेकर थेट प्लास्टिकवर मारलं तर प्लास्टिकच भाजतं आणि बारीक तडे येतात. लाल प्लास्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग द्यायचा असेल तर मध्ये चंदेरीचा एक हात द्या, नाहीतर आठवडाभराने पांढऱ्यात गुलाबी झाक फुटते. इनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या तेलकट रंगावर) लेकर कधीच नको, खालचा थर सुरकुततो. उलट चालतं.

लेकर ज्वालाग्राही आहे. स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, शेजारी गॅस पेटलेला असताना फवारू नका. तोंडाला एन-९५ पुरत नाही, ते धूळ अडवतं, थिनरची वाफ नाही. सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्कच घ्या.

क्लिअरचे तीन-चार हात झाले की किमान एक आठवडा हात लावायचा नाही. वाळलं की नाही हे बोटाने तपासू नका, ठसा उमटतो. बॉडी हलकेच नाकाजवळ न्या, थिनरचा वास येत असेल तर रंग आतून अजून ओला आहे. वास गेला की २००० आणि ३००० च्या पेपरने पाणी लावून घासा, मग पॉलिशिंग कंपाउंड. उंचवट्यांवर आणि कडांवर रंग सर्वात पातळ असतो, तिथे दोनदा जास्त फिरलं की प्रायमर डोकावतो. कडांवर आधीच २ मिमीची मास्किंग टेप लावून ठेवली तर हा जीवघेणा क्षण टळतो.

काचा सुपरग्लूने चिकटवू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धुरकट पापुद्री बसते, आणि दमट हवेत ती अधिक भरभर बसते. साधा पांढरा फेव्हिकॉल टाचणीच्या टोकाने लावा, सांडला तर ओल्या इअरबडने पुसता येतो. क्रोमचे भाग जोडताना जोडाच्या जागचं क्रोम आधी खरवडा, प्लास्टिकचा ग्लू क्रोमवर धरत नाही.

बारीककामाला पुन्हा चोवीसचा भागाकार. स्पार्क प्लगची वायर खऱ्या गाडीत ८ मिमी जाड, म्हणजे ०.३ मिमीची तार, जुन्या इअरफोनमधून निघते. सीटबेल्टचा पट्टा २ मिमी रुंद, मास्किंग टेपचा चालतो. नंबर प्लेट ५०० बाय १२० मिमीची, म्हणजे मॉडेलवर २०.८ बाय ५ मिमी. ठाण्यासाठी एमएच ०४, नवी मुंबईसाठी एमएच ४३. टॅक्सी असेल तर पिवळ्यावर काळी अक्षरं, बॅटरीची खासगी गाडी असेल तर हिरव्यावर पांढरी. पुढचे आकडे मात्र कुणाच्या खऱ्या गाडीचे नकोत.

फोटोसाठी रस्ता घरीच होतो. डांबरातली खडी ५ ते १० मिमीची, म्हणजे मॉडेलवर ०.२ ते ०.४ मिमी, आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा दाणा बरोबर ०.२ मिमीचा असतो. काळा ८० नंबरचा पेपर ३० बाय २० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, चाकांच्या वाटेवर राखाडी खडूची पूड घासा, ४ मिमीची पांढरी पट्टी ओढा. रस्त्यावरची खरी माती वापरायची असेल तर जुन्या सुती साडीच्या कापडातून गाळा, पिठाच्या चाळणीतून येते ती फार जाड.

आता कॅमेरा. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर धरले, तर भागिले चोवीस साधारण ६.७ सेंटिमीटर. लेन्सचा मध्य रस्त्याच्या पातळीपासून तेवढाच वर. त्याहून वरून काढला की गाडी टेबलावरचं खेळणं दिसते. फोनची नेहमीची वाइड लेन्स जवळ नेऊ नका, बंपर फुगतो. ६० ते ८० सेंटिमीटर लांब जाऊन २एक्स किंवा ३एक्स झूम. खऱ्या गाडीपासून १४-१९ मीटरवर उभं राहिल्यासारखं ते अंतर आहे. कॅमेरा असेल तर एफ/११ ते एफ/१६, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, फोकस जवळच्या हेडलाइटवर.

मागे खरी जागा हवी असेल तर उपवन तलावाच्या काठी येऊरचे डोंगर मिळतात, वाशीच्या सागर विहारला खाडी. पुठ्ठा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ठेवा, कठडा कमी पडला तर ट्रायपॉडवर फळी बसवा. असं केल्यावर मॉडेल आणि मागची झाडं दोन्ही माणसाच्या नजरेच्या उंचीवरून दिसतात आणि क्षितिज आपोआप जुळतं. पुठ्ठ्याची मागची कडा फ्रेममध्ये सरळ रेघ म्हणून दिसू नये, तिथे गाळलेली माती आणि वाळलेल्या शेवाळाचे तुकडे पेरा. खाडीकाठी वारा जोरात असतो, मॉडेल चॅसिसखालून ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्याने) धरून ठेवा. फोनचा फ्लॅश बंद. हिवाळ्यात सकाळी साडेसात ते नऊचं ऊन एकाच बाजूने येतं आणि सावलीची कडा स्पष्ट काढतं, तशी सावली दिव्याखाली मिळायला बरीच खटपट लागते.

पावसातला फोटो हवा म्हणून गाडीवर पाणी शिंपडू नका. मॉडेलवरचा ३ मिमीचा थेंब खऱ्या गाडीवर ७ सेंटिमीटरचा होतो. रस्त्याच्या पेपरवर ग्लॉस क्लिअरचे डबक्यांसारखे दोन-तीन डाग द्या, गाडीचे टायर आणि खालचा पट्टा थोडा गडद करा, आणि ढगाळ दिवशी हाच पुठ्ठा पुन्हा कठड्यावर मांडा.