बोर्डिंगच्या पाट्या वाचताना

कोल्हापुरात शिकायला येताय ना? मग दसरा चौकात जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशा एकेका समाजाच्या वसतिगृहांच्या पाट्या दिसणारच. अठरा वर्षांपूर्वी लातूरहून आलो तेव्हा मी चक्रावलोच होतो. एका वसतिगृहात (कुठलं ते सोडा) क्लार्कनं जातीचा रकाना बघितला आणि फॉर्म परत सरकवला. "आमच्या समाजापुरतंच आहे." मी तणतणलो, घटनेत भेदभावाला बंदी आहे! त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "जेवलास का?" मेसमध्ये पोटभर जेवू घातलं. खोली काही दिली नाही.

कायद्याचं माझं ज्ञान अर्धवट होतं. कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक पाणवठे यांनाही. एका समाजानं स्वतःच्या पैशातून ट्रस्ट काढून आपल्या पोरांना ठेवून घेणं म्हणजे गुन्हा नव्हे. करमाफीचं वेगळं: १९६१ च्या आयकर कायद्यानं एकाच जातीधर्मासाठी निघालेल्या नव्या धर्मादाय ट्रस्टला ती नाकारली, पण अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलांसाठीच्या ट्रस्टला त्यातून वगळलं.

शाहू महाराजांनी आधी १८९६ मध्ये सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं. पण तिथं ब्राह्मण मुलंच उरली. म्हणून १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. दार सगळ्यांना उघडं असून आत शिरता येत नव्हतं, त्यावरचा हा तोडगा. मला हे उशिरा कळलं.

पण सगळंच खपवून घेऊ नका. अनुदानित कॉलेज निव्वळ जात-धर्म बघून प्रवेश नाकारू शकत नाही, कलम २९(२). फक्त अल्पसंख्याकांच्या संस्थांना कलम ३० मुळे आपल्या समाजाच्या मुलांना झुकतं माप द्यायची मोकळीक आहे. अस्पृश्यतेपोटी वसतिगृहात प्रवेश नाकारला तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं तो सरळ गुन्हा. तिथं "समाजापुरतं आहे" हे कारण चालत नाही.

घरमालक आडनाव विचारून "खोली गेली" म्हणतात, त्याचा पुरावा हाती लागत नाही. राजारामपुरीत मला चार वेळा ऐकावं लागलं. वाद घालत बसू नका, पुढची गल्ली बघा. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांनी सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी भरावा. तिथं नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. जातीच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स गावाकडूनच आणा.