मोठे स्पीकर असताना सबवूफर हवा का? घरच्या घरी असं ठरवा

बैठकीत दोन उंच टॉवर स्पीकर आहेत, किंवा तालुक्याच्या मेकॅनिककडून प्लायवूडच्या पेटीत बसवून घेतलेले पंधरा इंची आहेत. ॲम्प्लिफायरही दणकट आहे. तरी सिनेमातला स्फोट कोरडाच येतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, सबवूफर घ्या, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर. घ्यायचा की नाही हे एक रुपया न घालवता घरी ठरवता येतं. त्यासाठी एक मोकळी दुपार ठेवा. शेजारचे वावरात गेलेले असले तर उत्तमच.

आधी वायरी आणि भिंती

बास, म्हणजे खालचे जाड सूर, गायब होण्याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे उलटी वायर. एका स्पीकरची लाल-काळी बरोबर आणि दुसऱ्याची उलट जोडली, की एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. मशीन बंद करा, ॲम्प्लिफायरकडून वायरी सोडवा आणि लाल वायरीला पेन्सिल सेलचं प्लस, काळीला मायनस, असं क्षणभर टेकवा. दोन्ही वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारे मोठे पडदे, एकाच दिशेला हलले पाहिजेत. मग स्पीकर भिंतीच्या थोडे जवळ सरकवून ऐका. भिंत जवळ आली की बास वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. काही घरांचा प्रश्न इथेच सुटतो.

स्पीकर खरंच किती खाली उतरतो?

आकारावर जाऊ नका. पेटीवरच्या ‘पीएमपीओ’ वॅटवर तर अजिबातच नको, तो आकडा जाहिरातीचा असतो. मंडपात वाजणारे पंधरा इंची स्पीकर आवाज लांब फेकण्यासाठी बनवलेले असतात. त्यांचा दणका छातीत बसतो, पण बहुतेकांचा दम ५० हर्ट्झच्या आसपास संपतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा जितका लहान तितका सूर खालचा). उलट घरासाठी नीट बनवलेला सहा-आठ इंची वूफरचा टॉवर ४० हर्ट्झपर्यंत आरामात जातो. कारण सरळ आहे: बंद पेटीत ८० हर्ट्झला जेवढा आवाज निघतो तेवढाच ४० ला काढायचा, तर पडद्याला चौपट मागेपुढे जावं लागतं. रुंद पडदा तेवढा हलायला तयार असेलच असं नाही.

तपासणी अशी करा. इंटरनेटवर ठराविक हर्ट्झचे सलग सूर मिळतात. १००, ८०, ६३, ५०, ४०, ३१, २५ असे ओळीने लावा. आवाज आधी बारीकच ठेवा. खाली जाताना सूर थोडा मंद वाटणारच, कारण आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. तुम्हाला शोधायची आहे ती जागा जिथे सूर एकदम गळून पडतो. दुसरी खूण म्हणजे सूर खाली जाण्याऐवजी वरचीच घरघर ऐकू येते, किंवा पेटीच्या भोकातून हवेची फरफर येते. स्पीकर तिथे संपला, पुढे आवाज वाढवू नका.

एक सावधगिरी. हे बसायच्या जागेवरून ऐका, मग उठून खोलीभर फिरा. बारा फुटी पक्क्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीला कान लावला की घुमतो. तुमची खुर्ची खोलीच्या मधोमध असेल तर दोष स्पीकरचा नाही. खुर्ची दोन-तीन फूट मागे घ्या.

तुम्ही ऐकता काय?

बातम्या, क्रिकेट, मालिका, खंजेरी भजनं, झाडीपट्टी नाटकांचे व्हिडिओ, जुनी गाणी, घरात एवढंच लागत असेल तर सबवूफर विसरा. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तारसुद्धा ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. तुमचा स्पीकर ४० पर्यंत उतरत असेल तर संगीतातलं फारसं काही सुटत नाही.

सिनेमाचं गणित वेगळं. सिनेमाचा आवाज ५.१ असा येतो, म्हणजे पाच मुख्य मार्ग आणि एक जास्तीचा. त्यातला तो ‘पॉइंट वन’ हा फक्त खालच्या आवाजासाठीचा स्वतंत्र मार्ग आहे, जास्तीत जास्त १२० हर्ट्झपर्यंतचा, आणि बाकी मार्गांपेक्षा १० डेसिबल जास्त जोर त्याला मिळावा अशी आखणी असते. १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. हा भार तुमच्या टॉवरवर टाकला तर त्याच पडद्याला संवादही सांभाळायचे आणि भूकंपही.

म्हणून रिसीव्हरच्या, म्हणजे ५.१ चे मार्ग वेगळे करून स्पीकरना वाटणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, मेनूत एकदा डोकावा. सबवूफर नसताना तिथे ‘सबवूफर: नो’ असंच असायला हवं. मग बहुतेक रिसीव्हर तो मार्ग पुढच्या मोठ्या स्पीकरकडे वळवतात. चुकून ‘येस’ राहिलं तर तो आवाज वायर नसलेल्या पिनकडे जाऊन वाया जातो. आणि टीव्हीवरून साध्या दोन चॅनेलच्या ॲम्प्लिफायरला जोडलं असेल, तर स्टिरिओ करताना हा मार्ग सहसा वगळलाच जातो. अशा जोडणीत सबवूफरच्या आधी रिसीव्हरचा विचार करा.

घर कसं आहे?

आपल्याकडे हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि दुकानदार तो विचारतच नाही. स्लॅबच्या बंद खोलीत खालचे सूर आत राहतात, थोडे फुगतातही. कवेलूच्या किंवा टिनाच्या छपराखाली ते वरून निघून जातात, आणि टिन वाजतं ते वेगळंच. उन्हाळ्यात कूलरसाठी खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, म्हणजे स्लॅबच्या घरातला फायदाही गेला. त्यात कूलरच्या घोंगाटात आधी बुडतात ते संवाद. मे महिन्यात तुमची तक्रार ‘बोललेलं कळत नाही’ अशी असेल तर पैसा सेंटर स्पीकरवर, म्हणजे संवाद वाजवणाऱ्या मधल्या स्पीकरवर, घाला.

सूर लावलेलेच आहेत तर घर काय बोलतं तेही ऐका. मांडणीवरची भांडी, दाराची कडी, टिनाचे ढिले नट. कोणता सूर काय वाजवतो ते लिहून ठेवा, नट आवळा, रबरी वॉशर घाला. हे न करता सबवूफर आणला तर तुम्ही पैसे देऊन पत्रा वाजवाल. भिंतीला गादी लावून मात्र हे सुधारत नाही. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तिला चार इंची कापूस काय अडवणार?

विजेकडेही बघा. संध्याकाळी डीपीवर लोड आला की व्होल्टेज पडतं. सबवूफरच्या मागच्या पट्टीवर तो किती व्होल्टपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. लाईन गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुण येऊ शकते, साइन वेव्ह असलेला बरा. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहावं लागतं. गुणगुण थांबवायला प्लगची तिसरी पिन काढून टाकतात, ते कधीही करू नका. रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डवर घ्या.

आता ठरवा

स्पीकर ३५-४० हर्ट्झपर्यंत उतरतो, मुख्यतः गाणी ऐकता, आवाज मध्यम ठेवता: नको. स्पीकर ५० लाच थांबतो आणि आठवड्याला सिनेमा लागतो: घ्या, पेटी कितीही मोठी असो. अधलंमधलं असेल तर माझं मत घ्या असंच आहे, पण खोली पक्की असेल तरच. टिनाचं घर आणि सामायिक भिंत असेल तर मी थांबेन. खालचे सूर भिंतीपलीकडे सगळ्यात आधी पोचतात, आणि रात्री दहानंतरच्या आवाजाचा नियम घरालाही आहे.

घ्यायचाच ठरला तर स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला घ्या. नागपूर, अमरावती, अकोला कुठेही घेतलात तरी तोच सूरांचा संच दुकानात वाजवायला लावा. घरी आणल्यावर तो आधी तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास भरपूर असलेला तुकडा लावा आणि खोलीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरून ऐका. जिथे आवाज भरीव आणि स्वच्छ येईल तिथे सबवूफर जाईल. घरचे हसतील, हसू द्या.

मग मेनूत पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती हद्द, ८० हर्ट्झ ठेवा. पाच फुटी टॉवरला स्मॉल म्हणताना जीवावर येतं, पण त्याने टॉवरवरचा भार उतरतो आणि संवाद मोकळे होतात. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर न्या, कारण ते काम आता रिसीव्हर करतोय. फेजचा खटका (सबवूफरचा पडदा बाकी स्पीकरच्या दिशेने हलावा की उलट, ते ठरवणारा) शून्य आणि १८० असा दोन्हीकडे करून बघा, खुर्चीत बसून जास्त भरीव वाटेल तो ठेवा. आवाजाचं बटण शेवटी, सबवूफर वेगळा ऐकू येणार नाही इतकंच.