कॅम्परची व्हेंट्स हिवाळ्यासाठी बंद करताय? या चुका टाळा

कॅम्पर म्हणजे सहलीसाठीचं चाकांवरचं छोटं घर. हिवाळ्यात ते वापराविना उभं असतं, म्हणून त्याची व्हेंट्स, म्हणजे हवा ये-जा करायची तोंडं, बंद करायची घाई असते. ऑक्टोबरात इकडे मिशिगनमध्ये पानं गळायला लागली की ओळखीतल्या कुणातरी नव्या कॅम्परवाल्याचा फोन येतोच. "दादा, शनिवारी दुपारी व्हेंट्स बंद करून टाकतो आणि संध्याकाळी दिवाळीच्या तालमीला येतो. दोन तासांत उरकेल ना?" नाही उरकत. मे महिन्यात त्याचाच दुसरा फोन येतो, आणि तेव्हा आवाज जरा उतरलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक मीही केलेली आहे, म्हणून आधी तीच सांगतो. पहिल्या वर्षी मी डक्ट टेपची दोन रिळं घेऊन कॅम्परला प्रदक्षिणा घातली. छतावरच्या पंख्यांची झाकणं करकचून ओढली. फ्रिजच्या मागची फटींची झडप, शेगडीवरच्या चिमणीचं बाहेरचं तोंड, जिथे भोक दिसलं तिथे टेप. लोणच्याची बरणी दादरा बांधून ठेवल्यासारखं समाधान वाटलं. एप्रिलमध्ये दार उघडलं तर भिजलेल्या गोणपाटाचा वास! गाद्या उलट्या केल्या तर खाली काळे ठिपके, कपाटात विसरलेल्या चपलेवर पांढरी बुरशी. छत कुठेही गळलेलं नव्हतं. ऑक्टोबरची दमट हवा मीच आत कोंडली होती. थंडीत तिचा ओलावा काचांवर आणि पत्र्यावर गोठला, आणि मार्चच्या उन्हात ठिबकत बसला.

अडवायचं असतं उंदरांना. हवा खेळायलाच हवी. आता मी छतावरचं एक झाकण बोटभर उघडं ठेवतो, पण त्याच्यावर पावसा-बर्फापासून वाचवणारी टोपी बसवलेली आहे. टोपी नसेल तर हा प्रयोग करू नका. फ्रिजच्या झडपेला आतून पाव इंची भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी कापून तारेने बांधतो. चिकटवत काहीच नाही. डक्ट टेप उन्हात कडक होते, डिंक मागे राहतो, आणि खरवडायला गेलात तर रंगीत पट्ट्याही निघून येतात. माझे दोन रविवार त्यात गेले.

दुसरी चूक फर्नेसची, म्हणजे कॅम्पर उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीची, आणि ही जिवावर बेतू शकते. बाहेर दिसणाऱ्या त्या दोन गोल तोंडांपैकी एकातून हवा आत जाते आणि दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर पडतो. त्यात मी स्टील वूलचा, म्हणजे बारीक लोखंडी तारांच्या गुंत्याचा, बोळा कोंबला होता. मे अखेरच्या लांब सुट्टीत लडिंग्टनला गेलो. मिशिगन तळ्यावरचा वारा, मुलं झोपलेली, रात्री फर्नेस चालू केली. पंखा घरघरला, टिक-टिक झालं, पेटेना. पुन्हा तेच. रात्रभर सगळ्यांनी स्वेटरं चढवून काढली. सकाळी बघतो तर गंजलेला बोळा अर्धा आत सरकलेला आणि खालच्या पांढऱ्या भिंतीवर तांबड्या गंजाचे ओघळ. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, पेटली नाही हे नशीब समजा. तोंड अर्धवट तुंबलेलं असताना पेटली असती, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत यायची भीती होती. त्याला ना रंग ना वास. तेव्हापासून तो वायू ओळखून वाजणाऱ्या गजराची बॅटरी मी प्रत्येक सहलीआधी तपासतो.

बाहेरची तोंडं बंद करूच नयेत असं नाही. फर्नेसच्या तोंडात तर कुंभारमाशी मातीचं घर बांधून ठेवते. पण बोळा तांब्याच्या जाळीचा घ्या, तो गंजत नाही. आणि प्रत्येक बोळ्याला शेपूट हवं. आमच्याकडे बायकोच्या जुन्या लाल ओढणीच्या पट्ट्या आहेत, वीतभर लोंबणाऱ्या, बर्फातही दिसतात. किती पट्ट्या लावल्या तो आकडा कागदावर लिहून मी थर्मोस्टॅटवर चिकटवतो. तो कागद काढल्याशिवाय फर्नेस चालू करता येत नाही. "लक्षात राहील रे" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि त्यांत मीही आलो.

फवारून फुगणारा फोम वापरू नका. उंदीर तो कुरतडतात आणि नंतर तो सुरीने कापत बसावं लागतं.

डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल, सुगंधी कागद: उंदीर राहतात, वास मात्र जुलैपर्यंत आपल्यालाच सोसावा लागतो.

निळी ताडपत्री वाऱ्यात फडफडून छत घासते. पांघरायचंच असेल तर हवा जाऊ देणारं कव्हर आणा.

रबरी छतावरची भेग बुजवायला सिलिकॉन नको. ते नीट धरत नाही, आणि पुढे त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. छतासाठीचं लॅप सीलंट मिळतं, ते बऱ्यापैकी ऊब असतानाच लावा.

गॅसच्या सिलिंडरची आणि बॅटरीच्या पेटीची हवेची भोकं कधीच बुजवू नका. सिलिंडरचे व्हॉल्व्ह मात्र बंद करा.

आणि सगळं लक्ष भिंतींवर असताना उंदीर येतो खालून. कोल्हापूरहून बाबा आले होते, ते कॅम्परखाली वाकून म्हणाले, "डोकं शिरलं की अंग शिरतंच त्याचं. कणगीखाली बघितल्याशिवाय आम्ही कधी धान्य भरलं नाही." मग अंधार पडल्यावर आत दिवा लावला आणि मी चटई टाकून खाली आडवा झालो. गॅसची नळी जिथून वर जाते तिथे चांदणीएवढा उजेड दिसला, सांडपाण्याच्या पाइपाभोवती दुसरा. दोन्हीकडे पेन्सिल आरामात जात होती. तांब्याची जाळी कोंबून बुजवली. ही भोकं कायमची बुजवली तरी चालतात, म्हणून तिथे शेपूट नाही.

विजेची केबल बाहेर काढायच्या झाकणाचा कोपरा तुटलेला होता, तो यंदा दिसला. तिथे बोळा आणि लाल पट्टी लावली, आणि कागदावर साताचे आठ केले.