नीरेच्या सहलीआधी: काय घ्यायचं, काय वाचायचं

मंडळी, ५ मार्चच्या जवळच्या रविवारी आपण नीरेला जातोय. ५ मार्च हा वेल्श कवी अलिन लुइसच्या मृत्यूचा दिवस. वाढदिवस १ जुलैला असताना ही तारीख का, असं तिघांनी विचारलं. त्याचं असं आहे की दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा हा आपला सगळा रस्ता आषाढीच्या सुमाराला माउलींच्या पालखीचा असतो. तेव्हा तिथे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरला कोण विचारतो! आणि खरं कारण म्हणजे, पावसात डोंगर हिरवे झाले की त्याची ‘द महरट्टा घाट्स’ ही कविता खोटी वाटायला लागते. तडकलेल्या दऱ्या, काटेरी गवत चघळणाऱ्या शेळ्या, ऊन पाठीवर ओढत चाललेली काळीसावळी माणसं; ही कविता उन्हातच वाचायची. तेव्हा टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी ज्याने त्याने आणायचं. ‘मी कुणाच्या तरी बाटलीतलं पिईन’ हे चालणार नाही.

आधी नाव नीट म्हणायला शिकू. ‘अलुन’ नाही आणि ‘ॲलन’ही नाही, वेल्श उच्चार ‘अलिन’च्या जवळ जातो. अलिन लुइस. जन्म १९१५, ॲबरडेअरजवळच्या कुमामन या कोळशाच्या खाणींच्या गावातला. वडील मास्तर, हाही काही काळ मास्तर. साउथ वेल्स बॉर्डरर्स पलटणीबरोबर १९४२च्या अखेरीस हिंदुस्थानात आला आणि काही दिवस नीरेच्या छावणीत राहिला. फ्लेक्सवर ‘इंग्लिश कवी’ छापायचं नाही. मागच्या खेपेला तसं छापून आलं आणि मी दिवसभर मार्करने खाडाखोड करत बसलो. या वेळी मजकूर मी स्वतः तपासूनच छपाईला देणार.

कवितांच्या वीस झेरॉक्स पुरतील. त्या त्याच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये निघालेल्या संग्रहातल्या आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे साठ वर्षं कधीच उलटली आहेत, तेव्हा हक्कांची धास्ती नको. अक्षर मोठं ठेवा, निम्म्या लोकांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि निम्मे चष्मा घरी विसरतात.

भाषांतराचं काम दोघांकडे दिलंय, त्यांनी आठ दिवस आधी मसुदा पाठवावा. ‘हॉर्नी’ हा शब्द ‘द महरट्टा घाट्स’मध्ये दोनदा येतो. मोबाइलला अर्थ विचारू नका, भलतंच सांगेल. शेतकऱ्याच्या हाताला तो शब्द लावलाय तिथे ‘घट्टे पडलेला हात’ हे आपल्याकडे आयतं आहे. शीर्षकाचं ‘सह्याद्री’ करू नये असं माझं मत. सह्याद्री म्हटलं की आपल्याला लगेच गड आणि तुताऱ्या दिसतात. त्याला लाल माती आणि दारिद्र्य दिसलं होतं.

घाटात गाडी थांबवायची नाही, मस्तानी तलाव दिसला तरी नाही. वर चढून गेल्यावर मोकळी जागा बघून पहिलं वाचन, ‘द महरट्टा घाट्स’चं. या कवितेत ‘छोटे दुष्ट देव’ आणि ‘दात काढणारे पुजारी’ येतात, आणि एका ज्येष्ठ सभासदांनी त्या ओळी गाळाव्यात असं सुचवलंय. मला ते मान्य नाही. परक्या फौजेतल्या माणसाने आपल्याबद्दल काय लिहिलं ते पूर्ण ऐकायचं, मग भांडायचं. भांडणासाठी अर्धा तास राखून ठेवलाय. फक्त भांडताना शेवटाकडे लक्ष असू द्या. घाट चढून कोण येतंय, तर भिकारी; तारा तुटताना कोण ओरडलं, तर युद्धात हरवलेला भूमिहीन शिपाई. स्वतःला त्याने भिकाऱ्याशेजारी बसवलंय.

नीरेहून पुढे करंजे, सोमेश्वराचं. तिथे त्याची ‘करंजे व्हिलेज’ ही कविता वाचायची. झाडूवाला त्याला सांगतो की गावात सोन्याच्या छपराचं देऊळ आहे, आणि याला दिसतात उकिरड्यावरची डुकरं आणि गिधाडं. डुकरं कदाचित दिसतील, गिधाडं नाही. गुरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ती संपवत आणली. २००६ मध्ये बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. वाचन देवळाच्या आवारात नको, बाहेर झाडाखाली, माइकशिवाय. आधी दर्शन घ्यायचं त्यांनी घ्यावं. विश्वस्तांना दोन दिवस आधी फोन करायचं काम माझ्याकडे.

मृत्यूबद्दल कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं: १९४४, ब्रह्मदेशातली आराकानची आघाडी, स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी, वय २८, लष्करी चौकशीने अपघात ठरवला, अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. त्यावर झाडाखाली तर्क लढवायला आपण जात नाही. खडकीच्या युद्धस्मशानात फुलं वाहू या, ही सूचनाही आलीय. जरूर जाऊ, पण वेगळ्या दिवशी. त्याची कबर तिथे नाही, म्यानमारमध्ये तौक्यानला आहे.

जेवण घरून: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, टिकेल असं काहीही; दहीभात नको. गूळ घ्यायचाच असेल तर नीरेत अर्धा तास, त्याहून जास्त नाही.

परतताना अंधार पडला की गाडीतच ‘इन हॉस्पिटल: पूना’मधली पहिली कविता. फुटबॉल खेळताना जबडा मोडून तो इथल्या लष्करी इस्पितळात पडला होता. रात्री झोप नाही आणि अख्खं वेल्स डोळ्यांसमोरून सरकतंय. त्यात एरुरी, कादेर इद्रिस अशी डोंगरांची नावं येतात, वाचणाऱ्याने दोनदा सराव करावा. पत्नीपासूनचं अंतर तो साठ रेखांश म्हणतो. आमचे भूगोलाचे सर ते सत्त्याहत्तरच्या आसपास भरतं असं सांगणार, हे मला माहीत आहे. सर, कविता संपल्यावर सांगा. आणि अंत्याक्षरी त्यानंतरच.