खरीप सल्ला : फायरिंग रेंजलगतच्या रानात नांगर घालण्यापूर्वी

अहिल्यानगरजवळची के. के. रेंज, नाशिकजवळची देवळालीची तोफखान्याची रेंज अशा लष्करी सराव क्षेत्रांलगत ज्यांची जमीन आहे, त्यांनी उन्हाळी नांगरट, शेततळ्याची खोदाई आणि पहिल्या पावसानंतरची वखरणी ही कामे जपून करावीत. वळवाच्या पाण्याने माती धुपते आणि न फुटलेला गोळा उघडा पडतो. गेल्या वर्षी काही निघाले नाही, म्हणून यंदा रान निर्धोक धरू नये.

गंजलेला गोळा मेलेला असतो, ही समजूत सर्वांत घातक. आग्नेय आशियातल्या लाओस देशात १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधले (हवेत उघडून छोटे गोळे विखुरणारे बॉम्ब) सुमारे २७ कोटी छोटे गोळे होते. त्यांतले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. तिथले लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. टेनिसच्या चेंडूएवढे, म्हणून पोरे खेळायला उचलतात. लढाई थांबल्यानंतरही हजारो माणसे त्यांनी मारली, जायबंदी केली. कुणाची कुदळ लागली, कुणी जमिनीवर चूल पेटवली आणि खाली पुरलेल्या गोळ्याला आच पोचली. भंगार विकून चार पैसे मिळवायला गेलेलेही त्यांत पुष्कळ.

आपल्याकडे प्रमाण फार लहान, पण भंगाराचा मोह तोच. पितळ-तांब्यासाठी गोळा ठोकताना इथेही माणसे गेली आहेत. किलोमागे मिळणाऱ्या पैशासाठी हा धंदा करू नये, दुसऱ्याने आणलेला माल घरात ठेवूनही घेऊ नये.

नांगराला धातू लागल्याचा आवाज आला तर ट्रॅक्टर जागेवर बंद करावा. फाळ उचलू नये, मागेपुढे करू नये. उतरून नांगरलेल्या तासातूनच परत यावे. वस्तू हलवणे, पाणी ओतणे, मातीने झाकणे, विहिरीत टाकणे यांतले काहीही करू नका. बऱ्याच अंतरावर फांदीला फडके बांधून खूण करावी, माणसे-जनावरे लांब न्यावीत, आणि दूर गेल्यावरच ११२ ला फोन लावावा. पोलीस पाटलांनाही कळवावे. पुढचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे किंवा लष्कराचे.

अशा रानात धसकटे, पालापाचोळा पेटवू नये. एरवीही पेटवू नयेच, पण इथे कारण वेगळे आहे : खाली पुरलेल्या गोळ्याला आच पोचू शकते.

जेसीबीवाला, ऊसतोड टोळी, मेंढरे घेऊन आलेला धनगर ही बाहेरची माणसे. त्यांना रेंजची हद्द ठाऊक नसते. काम ठरवतानाच, नाहीतर मेंढरे बसवतानाच, त्यांना ती दाखवून द्यावी.